पहिली चावी

रामनगरचा तो मेकॅनिक, काहीही विचारलं की आधी हात पुसायचा आणि मग उत्तर द्यायचा. माझ्या दादानं गोव्याहून आणलेली दोन दारांची जुनी इटालियन गाडी त्याच्याच शेडमध्ये होती. लांबच्या प्रवासासाठी बांधलेल्या अशा गाड्या आता क्वचितच दिसतात. न मिळणारे भाग त्यानं स्वतः लेथवर घडवले. काम संपण्याआधीच दादा गेला. मेकॅनिकनं काम पुरं केलं, पण इंजिन एकदाही सुरू करून पाहिलं नाही. नव्यानं बांधलेल्या इंजिनाची पहिली चावी मालकाच्या घरच्यांनी फिरवायची, असा त्याचा नियम होता.

"आणि नाही सुरू झालं तर?" मी विचारलं.

त्यानं हात पुसले. "तर माझी दोन वर्सं पाण्यात, अक्का. फिरवा."

"मला गाडी चालवता येत नाही."

"चालवा कोण म्हणतंय? बसा तर खरं."

दोनदा नुसती घरघर झाली. त्याचा चेहरा उतरला. तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं आणि शेडचे पत्रे थरथरले.

"आता बंद करा, अक्का. तेल बघतो."

माझा हात चावीकडे जाईना. तोही बाजूला उभा राहून ऐकत राहिला.