आईनं फुंकलेलं आतडं

"मावशी, पार्सल देऊन देतो ना. घरी आरामानं खा."

हॉटेलचा मालक हसून बोलला. आई नुकतीच खुर्चीवर टेकली होती. मी म्हणाले, "काहून? टेबल तर रिकामं आहे." तो वाकून हळूच म्हणाला, "लोक वळखतात ना याईले. समजून घ्या, मॅडम."

आई उठली. मीही उठले. हे आधीच सांगून टाकते, कारण ते लपवण्यात अर्थ नाही. मी रामाकोन्याच्या शाळेत मास्तरीण. पोरांकडून संविधानाची उद्देशिका पाठ करून घेते. आणि मी उठले.

सौंसरच्या बायपासवर ते सॉसेजचं हॉटेल उघडून वर्ष झालं. मालक संत्र्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, पुण्याला शिकून आलेला. लाकडी टेबलं, पिवळे दिवे. नागपूरहून लोक गाड्या काढून खायला येतात. सॉसेज म्हणजे काय, तर मसाल्याचा खिमा बकऱ्याच्या आतड्यात भरून भाजलेला. ती आतडी साफ होतात आमच्या गल्लीत, बुद्धविहाराच्या मागं. आई आणि शेजारच्या तिघी सकाळीच बादल्या घेऊन बसतात. आतडं काडीवर उलटं करायचं, मीठ-हळद लावून पिठानं चोळायचं, सात पाण्यानं धुवायचं. शेवटी एका टोकाला तोंड लावून फुंकायचं. भोक असलं तर हवा निघते, मग तेवढा तुकडा फेकायचा. आधी आई खाटकाकडची आतडी धुवायची; या हॉटेलसाठी वर्षभर हे केलं, पण सॉसेज तिनं कधी चाखलं नव्हतं. "कसं लागते व ते? एक डाव पाहू तं," म्हणाली. म्हणून रविवारी दुपारी तिला घेऊन गेले. इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती बिचारी.

पार्सल घेऊन आम्ही बाहेर स्कूटीजवळ आलो. मला माझी शाळा आठवली. पाचवीत पोरी नाक दाबून म्हणायच्या, "हिची माय आतडे धुते." मी सांगायची, माझी आई अंगणवाडीत आहे. नोकरी लागली तरी हेच सांगत राहिले. स्वतःचीच किळस आली मला त्या दिवशी.

आई रडली नाही. चिडली. "मी तोंड लावून फुकतो ते याईले चालते," ती म्हणाली. "अन् बसली त बाटते?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आईचा हात धरला आणि परत आत शिरले. त्याच टेबलावर बसलो. पार्सल फोडून कागद पसरला. मालक धावत आला. "मॅडम, तमाशा नका करू."

"तमाशा नाही. जेवण करून राहिलो."

मग मी उभी राहिले आणि वर्गात बोलते तशा आवाजात सगळ्यांना सांगितलं, "तुमच्या ताटातलं हे आतडं माझ्या आईनं धुतलं. तोंडानं फुंकून पाहिलं. ही बसली आहे पाहा. चव आवडली असेल तर हिला सांगा."

एका बाईनं काटा खाली ठेवला. तिच्या नवऱ्यानं ताट सरकवलं, दोघं निघून गेले. कोपऱ्यातली दोन कॉलेजची पोरं मान खाली घालून खातच राहिली. आईला कुणी काही सांगितलं नाही. ती सावकाश चावत होती. "मीठ कमी हाय," म्हणाली.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. माफी वगैरे काही नाही. "मावशीचं काम चालू राहू द्या. फक्त इथं येऊन बसू नका." मी फोन आईला दिला. तिनं "नाही" म्हटलं आणि ठेवून दिला. शेजारच्या तिघींनीही दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातून आलेल्या आतड्यांच्या बादल्या परत पाठवल्या. चौघींना त्या कामाची गरज होती, खोटं कशाला बोलू. तो आता आतडी नागपूरहून आणतो म्हणे. खुशाल आणू दे.

येत्या रविवारी आम्ही पाचजणी जाणार आहोत. चौघी आणि मी. मधलं मोठं टेबल घेणार. तो पार्सल म्हणेल. आम्ही ताट मागू. तो समजून घ्या म्हणेल. आम्ही समजून घेणार नाही. नुसतं सांगून आता आमच्यातली एकही उठत नसते. उठवायचंच असेल तर सगळ्यांदेखत दंडाला धरून उठवावं लागेल.

आणि त्यासाठी त्याला आधी आम्हाला शिवावं लागेल.