पिवळ्या दाराचं घर

माझ्या नणंदेच्या पायाला भिंगरी आहे, असं सासूबाई म्हणायच्या. त्या गेल्या, पण भिंगरी हे नाव मी चालू ठेवलं. ही बाई चहासुद्धा उभ्याने पिते. एका खोलीतून दुसरीत जाईल, वाटेतला दिवा बंद करील, माझ्या फोनचा चार्जर उपटून ठेवील आणि मग ‘मी इकडे कशाला आले होते गं?’ असं मलाच विचारील. ती घरात असताना फ्रिजचं दार उघडून विचार करत उभं राहायची माझी अजून हिंमत होत नाही.

कामही तिने स्वभावाला शोभेल असंच धरलं. शाळेतल्या मुलांसाठी ती कॉम्प्युटरवर एक गाव बनवत होती. गावात घरं, दुकानं, बसगाड्या, एक कारखाना. मुलांनी कुठली वीज कमी करायची ते ठरवायचं आणि पुढे वर्षानुवर्षं गाव किती तापत जाईल, ते बाजूच्या पाऱ्यात बघायचं. त्यासाठी खऱ्या घरात वीज कधी आणि कशाला जाते हे कळायला हवं. खरं घर शोधायला लांब कशाला जायचं? तिने आमच्याच एकेका प्लगला छोटे मीटर लावले. फ्रिजची रेघ, पंख्याची रेघ, मी शाळेचे गणवेश शिवते त्या मशीनची रेघ, सगळं तिच्या फोनवर. “वहिनी, आज दुपारी झोपलीस ना?” असं ऑफिसातून विचारायची. हिच्यापेक्षा सासू परवडली, असं मी नवऱ्याला सांगून टाकलं.

एक रेघ मात्र कधी खाली यायची नाही. बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. त्यांची फुप्फुसं कामातून गेली आहेत. नाकाला नळी आणि पलंगाशेजारी सतत घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. मुलांच्या खेळात टीव्ही, पंखा, गिझर होते. असलं मशीन नव्हतं. म्हणून भिंगरीने त्याची वीज ‘इतर’ या नावाखाली टाकली. वर, तिच्या गावात एक घर म्हणजे तशीच हजार घरं असा हिशेब होता. आमचं घर तिने पिवळ्या दाराचं केलं आणि पुढच्या घाईत हे सगळं विसरून गेली.

शाळेत पहिल्यांदा खेळ दाखवायचा होता, तेव्हा बाबा हटूनच बसले. लेकीचं काम बघायचंच. लहान सिलिंडर घेऊन आम्ही मागच्या बाकावर बसलो. मुलांनी दिवे घालवले, बसगाड्या कमी केल्या, पारा काही ढिम्म हलेना. तेवढ्यात पुढची एक मुलगी ओरडली, “पिवळ्या दारातलं इतर बंद करा! त्यांच्याकडे काहीतरी फुकट चालू आहे!”

पारा सरसर खाली. वर्गात टाळ्यांचा कडकडाट. आनंदाने भिंगरीचे पाय जमिनीवर ठरेनात, आणि तिचे साहेब म्हणाले, हे सोमवारी सगळ्या शाळांत जाऊ दे. बाबांनीही टाळ्या वाजवल्या. ‘इतर’ म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना होतं. मीटर लावताना त्यांनीच तिला विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गणवेशांचा ढीग उपसत होते. माझ्या मशीनच्या खडखडाटात दुसरी घरघर थांबल्याचं मला कळलंच नाही. फोन वाजला.

“वहिनी, बाबांची रेघ खाली गेलीय! फ्रिज चालू आहे, म्हणजे लाइट आहे. पळ!”

बाबा पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून बसले होते. ओठ निळे. बटण त्यांनी स्वतः बंद केलं होतं. मी ते चालू केलं, नळी सारखी केली. रडू नाही आलं, संताप आला.

“काय केलंत हे बाबा? आम्हाला काय तोंड दाखवायला जागा ठेवणार होतात?”

श्वास ठिकाणावर येईपर्यंत ते माझा हात धरून होते. मग म्हणाले, “मुलं किती खूश झाली होती गं.”

भिंगरी धापा टाकत आली आणि पलंगापाशी जमिनीवरच बसली. तिला असं बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

“बाबा, चूक माझी आहे. तुमच्या एका मशीनला मी हजाराने गुणलं. खऱ्या गावात अशी मोजकीच असतात. ती बंद केली तरी पारा हलत नाही.”

“म्हणजे मी उगाचच?”

“उगाचच.”

“हजार घरांत मी,” बाबा म्हणाले, “बिचाऱ्या हजार सुना!” आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. भिंगरी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून मोठ्याने रडली. मग मलाही आवरलं नाही.

सोमवारी तिने खेळ दिला नाही. साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. मुलांना पारा उतरलेला बघायचा असतो, म्हणाले. “उतरेल, पण घाम गाळून,” असं सांगून ही आली. आता पिवळ्या दारात ‘इतर’ नाही. तिथे ‘आजोबांचा श्वास’ असं लिहिलंय आणि त्याला बटणच नाही. मुलांना कारखान्याशी आणि बसगाड्यांशी झुंजावं लागतं.

तिची तगमग मात्र वाढली. ऑफिसात दर थोड्या वेळाने ती रेघ बघते. बाबांना हे माहीत आहे. म्हणून दुपारी जेवण झालं की ते उशाजवळचा दिवा लावतात, घालवतात, पुन्हा लावतात, पुन्हा घालवतात. तिच्या फोनवर दिव्याची रेघ उड्या मारते. बाहेर लख्ख ऊन असतं.

काल मी विचारलंच, “भर दुपारचा दिवा चालतो का गं तुला?”

ती चपलेत पाय सरकवत दारातून म्हणाली, “चालतो. आणि एखाद दिवशी बाबा विसरले, तर तू आठवण करून दे त्यांना.”