पांढऱ्या गाडीचे टायर

आधी वास येतो, तापलेल्या चिमुकल्या मोटारीचा... आणि मग दिसते ती पांढरी गाडी, काडेपेटीहून जराशी मोठी, काळ्या ट्रॅकच्या खोबणीतून टुकटुक उड्या मारत येणारी, चपलेत खडा गेल्यासारखी मागच्या एका चाकानं लंगडणारी! भिंगारला, विक्रमच्या क्वार्टरमध्ये, एप्रिलच्या दुपारी आम्ही दोघं थंडगार शहाबादी फरशीवर पालथे पडून खेळायचो. हातातलं बटण दाबलं की ट्रॅकमधून वीज मिळायची आणि गाडी सुसाट! लाल त्याची, पांढरी माझी — सेट त्याचा होता ना! — आणि पांढरी प्रत्येक शर्यत हरायची.

विक्रमचे वडील फौजेत. बदलीचा कागद आला, काळ्या पत्र्याच्या पेट्यांवर पांढऱ्या रंगानं नवं ठिकाण लिहून झालं, आणि माझ्या डोक्यात एकच भरलं... हा जायच्या आत एकदा, फक्त एकदा, जिंकायचं.

मी पांढरी गाडी, ट्रॅकचा एक तुकडा आणि सेलच्या डब्यासकट बटण घेऊन घरी पळाले. पप्पा मिलिटरीच्या वर्कशॉपात ट्रकची चाकं बसवायचे. अंगाला कायम ग्रीस आणि साबणाचा मिसळलेला वास. त्यांनी गाडी डोळ्यासमोर धरून चाक फिरवलं.

"चाक सरळ हाय गं. टायरच उंच-सखल हाय."

टायर घसरू नयेत म्हणून त्यांनी ते चाकांना गोंदानं चिकटवले, गोंद वाळल्यावर ट्रॅकवर पॉलिशपेपरचा तुकडा लावला आणि मागची चाकं त्यावर टेकवून मला बटण दाबायला लावलं. काजळासारखी रबराची भुकटी उडायला लागली.

"हात हलका ठेव. उंचवटा आपोआप झिजतो. घाई न्हाई करायची."

ते चहाला उठले आणि मी नेमकी घाई केली! एक टायर लहान झाला, म्हणून दुसरा घासला. तो जास्तच झिजला, म्हणून परत पहिला... पोळीच्या कडा सारख्या करता करता पोळीच संपावी, तसं. शेवटी गाडीचं पोट ट्रॅकला घासायला लागलं. पप्पा रागावले नाहीत. "आता एवढुसं रबर कुठून आणू, बाई?" एवढंच म्हणाले.

मी रडतच परत गेले. विक्रमनं गाडी उलटी करून बघितली.

"आयला! टायर खाल्लेस का काय तू?"

"सॉरी ना..."

"गप. आई सामान बांधतीय. चल, शेवटची." त्यानं पांढरी स्वतःच्या खोबणीत ठेवली आणि लाल माझ्याकडे सरकवली.

"अरे, तू हरशील!"

"हरू दे की. लई बडबड करतीस."

मी जिंकले. माझे पाच फेरे झाले तेव्हा पांढरीचे दोनच झाले होते, पोट खरडत, किंचाळत, आणि विक्रम लोळून हसत होता, "आली, आली, म्हातारी आली!" शर्यत तर संपली होती... पण मला बटणावरून बोट उचलवेना. सहावा फेरा, सातवा, आठवा — गाडी थांबली की ट्रॅक सुटा होणार आणि पेटीत जाणार, हे दोघांनाही माहीत होतं. त्यानंही बोट उचललं नाही. त्याच्या आईनं तीनदा हाक मारली तरी.

आता कधीतरी मोबाईलवर त्याचं नाव शोधते. त्या नावाचे कितीतरी निघतात — मिशीवाले, गणवेशातले, कडेवर बाळ घेतलेले — आणि त्यातला माझा कुठला ते ओळखू येत नाही. सापडलाच तर शर्यतीचं काढणार नाही. एवढंच विचारेन... नव्या गावात पांढरीला टायर मिळाले का रे?