कानात राहिलेलं रबर

कानात घालायची ती वस्तू मी विकत आणली, तेव्हा आमच्या देऊळघाट गावात तिला नावच नव्हतं. बुलढाण्याचा रेडिओवाला तिला इअरफोन म्हणाला. माझी माय तिला बोंड म्हणायला लागली, कारण आमच्याकडे पांढरं आणि गोल दिसलं की ते बोंडच. आणि गल्लीतली माणसं मलाच डाक्तर म्हणायला लागली. कानात वायर घालून एकटाच माना डोलावणारा माणूस त्यांनी याआधी पाहिला नव्हता.

आता हसू येतं, पण तेव्हा मी फार ऐटीत होतो. बुलढाण्याच्या एका कचेरीत नवा नवा कारकून, घरी वांग्या-मेथीचा मळा, आणि हातात कोणाचा तरी जुना ट्रान्झिस्टर. बाबांना गाण्याचं वावडं. "दिवसभर मोटेची कुरकुर आयकतो, घरी आल्यावर तुह्या त्या बाईची काऊन आयकू?" असं म्हणायचे. म्हणून इअरफोन आला. तोही एकाच कानाचा. दोन्ही कानांनी ऐकायची चैन तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. दुकानात होते त्यातला सगळ्यात स्वस्त मी उचलला आणि गावभर सांगितलं की मुद्दाम मुंबईहून मागवलाय.

आवाज म्हणाल तर काय सांगू! पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडावा तसा. बाई गाओ की बाप्या, सगळ्यांना पडसं झालेलं. तबला म्हणजे कोणीतरी नखानं ताटली वाजवतंय. डग्गा तर औषधालासुद्धा नाही. बातम्या सांगणारा नाक धरून बोलतोय असं वाटायचं. पण कचेरीत कोणी विचारलं की मी डोळे मिटून म्हणायचो, "आवाज कसा, तर सुईसारखा साफ!" आणि ज्यांनी जन्मात इअरफोन पाहिला नव्हता त्यांना आवाजाच्या प्रतीवर भाषण द्यायचो. बिचारे ऐकून घ्यायचे.

दुसरी पंचाईत माझ्या कानांची. आमच्या घराण्यात कानाची भोकंच मोठी. माझे चुलते पेन्सिलीचं थोटुक ठेवायचे ते कानावर नाही, कानात. इअरफोनला टोकावर एक रबरी टोपी होती, ती माझ्या कानात भोपळ्यात वाटाणा ठेवल्यासारखी हलायची. सायकलवरून कचेरीला जाताना पहिल्याच खड्ड्यात ती कुठे पडली, देव जाणे.

मग सुरू झाले माझे शोध. आधी कापूस गुंडाळला. इअरफोन बसला, पण गाणं गोधडी पांघरून झोपलं. मग मायची नजर चुकवून कणकेची गोळी लावली. काय फिट्ट बसली म्हणता! पण दुपारी कचेरीत मुंग्या लागल्या. कान झाडत मी टेबलाभोवती असा नाचलो की साहेबांना वाटलं, याच्या अंगात आलं. कोणीतरी नारळ आणायला निघालं होतं.

शेवटी हाताला लागली वालट्यूब. सायकलच्या चाकातली हवा मागे येऊ नये म्हणून वॉल्ववर चढवतात ती बारीक रबरी नळी. तिचा तुकडा इअरफोनच्या टोकावर चढवला, उलटा गुंडाळत आणला, त्यावर आणखी एक गुंडाळला, आणि माझ्या कानाला पुरेल असं जाड वेटोळं तयार झालं. कोरडं आत जाईना, म्हणून खोबरेलाचं बोट फिरवलं. सर्रकन आत गेलं, बाहेरची दुनिया बंद झाली, आणि अरे देवा, डग्गा! चांगला घुमणारा, छातीत वाजणारा डग्गा त्या फडतूस बोंडातून ऐकू आला. यंत्र तेच, गाणं तेच, फक्त कानाची फट बुजली होती. मी आनंदानं ओरडलो. माय धावत आली, तिला वाटलं विंचू चावला.

याच दिवसांत देऊळगाव राजाचं स्थळ आलं. आणलं होतं आमच्या अडतेकाकांनी. बाबांचा भाजीपाला बाजारात विकून देणारे हे काका. त्यांचं बाजाराच्या निमित्तानं सगळीकडे जाणं-येणं. मुलीच्या बापाचं किराण्याचं दुकान, थोडी शेती, मुलगी मॅट्रिक झालेली आणि दुकानात बसून गिऱ्हाईक सांभाळणारी. बाबा ते स्थळ ऐकूनच खूश झाले. "जमलं तं सोनं व्हईल बे आपल्या घराचं," म्हणाले. इतकं मोठं वाक्य बाबा वर्षातून एखाद्या वेळीच बोलायचे.

बाबा, मामा आणि मी, असे तिघं सकाळच्या एसटीनं निघालो. मामांनी वाटेत मला वळण लावलं. "मान खाली ठेवाची. इकडं-तिकडं पाहाचं नाही. अन् मधघराकडं तं बिलकुल नाही, तिथं बायका असतात. पोरगा डोळे फिरवते असं एकडाव झालं का स्थळ गेलं समज." मी मान डोलावली आणि डाव्या कानात इअरफोन घातला. ट्रान्झिस्टर मुद्दाम बरोबर घेतला होता. मुलीकडच्यांना कळायला नको, जावई किती पुढारलेला आहे ते?

देऊळगाव राजाच्या स्टँडवर उतरायची घाई झाली. मामांनी माझ्या खांद्यावरची पिशवी ओढली. पिशवीत ट्रान्झिस्टर, ट्रान्झिस्टरला वायर. इअरफोन टपकन बाहेर आला आणि वेटोळं आतच राहिलं. खोबरेलानं आपलं काम चोख केलं होतं. मी करंगळी घातली. ते आणखी आत गेलं. मग शहाणपणा करून आगकाडी घातली. ते घरी पोचल्यासारखं स्वस्थ बसलं. डाव्या बाजूचं सगळं देऊळगाव राजा एकदम गप्प झालं.

मामांना सांगावं, असं मनात आलं. पण सांगू कसं? सोयरीक जमवायला निघालेल्या माणसानं भर रस्त्यात 'माझ्या कानात वालट्यूब अडकली' असं म्हणायचं? मला लाज वाटली. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे, निभावून नेऊ.

त्यांच्या ओसरीवर सतरंजी टाकलेली. मला बसवलं ते नेमकं मुलीच्या बापाला डावीकडे घेऊन. माणूस मोठा सभ्य, हळू आवाजात बोलणारा. त्यांनी मला नोकरीचं काहीतरी विचारलं असणार. मी समोरच्या भिंतीकडे बघत मंद हसत होतो. त्यांनी पुन्हा विचारलं असणार. मी हसतच होतो. तिसऱ्या वेळी त्यांनी गुडघ्याला हात लावला, तेव्हा कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरपी करून मी उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी दाराआडच्या आपल्या बहिणीकडे, म्हणजे मुलीच्या आत्याकडे, एकदा पाहिलं. बाबा आणि मामा वांग्यावरच्या किडीबद्दल बोलत होते, त्यांना यातलं काही कळलं नाही.

मग ती चहा घेऊन आली. सावळी, उंच, कपाळावर घामाचे थेंब, बहुतेक चुलीपुढून तशीच उठून आलेली. सगळ्यांना कपबशा दिल्या. माझ्यापर्यंत आली आणि थांबली. समोरून दिली असती तरी चाललं असतं, पण ती मुद्दाम वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आली, वाकली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "साखर पुरे झाली का?"

एवढ्या माणसांत तिला एकटीला कळलं होतं की माझ्याशी कोणत्या बाजूनं बोलायचं. तोंडावर कीव नाही, हसू नाही. दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं तसं सरळ विचारलं. मी "हो" म्हणालो. त्या एका 'हो'त माझा जीव अडकला, खोटं कशाला बोलू! करीन तर हिच्याशीच, असं मी बशीतला चहा निवायच्या आत ठरवून टाकलं.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, मधघराच्या उंबऱ्यावर, पितळेची परात दणकन आपटली. उजवा कान माझा ठणठणीत होता. आवाज मेंदूपर्यंत गेला. मामांचा चहा धोतरावर सांडला. बाबा "अरे बाप्पा!" म्हणाले. मी मात्र तसूभर हललो नाही. मधघराकडे बघायचं नाही! मी मान आणखी खाली घातली, चेहरा दगडासारखा केला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली: बघा म्हणावं, पोरगा कसा वळणाचा आहे.

परात पुन्हा पडली. मी पुन्हा हललो नाही.

परतीच्या एसटीत मामा भलतेच खूश होते. "शाब्बास रे भाच्या! परात पडली तरी मान नाही उचलली. असं पाह्यजे."

काही दिवस निरोप आला नाही. कानातलं रबरही आलं नाही. आज पडेल, उद्या पडेल म्हणून मी आणखी खोबरेल ओतत होतो आणि घरात सगळ्यांच्या डावीकडे राहून दिवस काढत होतो. मग एका संध्याकाळी अडतेकाका आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "भाऊ, पोरगा बहिरा हाये तं पह्यलेच सांगाचं ना!"

बाबा उठून उभे राहिले. "माह्या पोराले बहिरा कोन म्हन्ते?"

"सारेच म्हन्तात. आत्याबाईनं मुद्दाम मांगून परात पाडली, दोनदा. हा हाललासुद्धा नाही. पोरीचा बाप नाही म्हनून राह्यला. पन पोरगी म्हन्ते, बहिरा असला तरी मले चालंल. मी जोरात बोलत जाईन, म्हन्ते."

हे ऐकून मला काय झालं ते लिहिता येत नाही. आनंदही झाला आणि लाजही वाटली. बाबांना मात्र पुरावा हवा होता. ते माझ्या डाव्या बाजूला गेले आणि त्यांनी हळूच काहीतरी म्हटलं. पुन्हा म्हटलं. मी बसलेला. बाबांचा चेहरा असा उतरला की मायनं पदर तोंडाला लावला. आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी सांगितलं.

बाबांनी कपाळावर हात मारला. "वालट्यूब? कानात? अबे, सायकल हायेस का मानूस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दंडाला धरून बुलढाण्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं वेटोळं काढलं, उजेडात धरलं आणि पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी ते रबर कागदात बांधून मागून घेतलं. भाजीवाल्याची जात! वांगं किडकं नाही हे कापून दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक पटत नाही, हे त्यांना ठाऊक. पुडी अडतेकाकांच्या हाती दिली आणि म्हणाले, "त्याहिले दाखवा. म्हना, पोरगा ठीक हाये, फक्त येडा हाये."

काका पुडी घेऊन देऊळगाव राजाला गेले. मुलीचा बाप हसता हसता रडला म्हणे. आत्यानं शेजारणीला बोलावून रबर दाखवलं. घरातल्या मोठ्या माणसांनी एका आवाजात होकार दिला. मी इकडे मनात लग्नाच्या पंगती उठवत होतो.

काका परत आले. मायनं चहा पुढे केला, तो त्यांनी बाजूला ठेवला. "जमत नाही, भाऊ. पोरगी नाही म्हन्ते."

"काऊन?" बाबा ओरडलेच. "आता तं कान चांगला हाये त्याचा!"

"मीबी हेच म्हनलो. तं म्हन्ते कशी, तो बहिरा होता तवा मी हो म्हनलं, कारन त्यात त्याचा काही इलाज नव्हता. पन तोंड तं चांगलं होतं ना? कानात काही अडकलं, एवढं सांगता नाही आलं? आमच्या घरचे मांगून पराती पाडून राह्यले अन् हा मुकाट बसला. उद्या संसारात काही अडकलं तं हा असाच बसंन. मी किती अंदाज करू?"

माझं डोकं फिरलं. "लय शायनी हाये! समजते कोन सोताले? मॅट्रिक झाली म्हनून काय अक्कल शिकवंल का मले?" असं बरंच काही मी बोललो.

मी थांबल्यावर काका म्हणाले, "निघताना तिनं मले एकच गोष्ट इचारली. त्याचे बाबा हो म्हन्तात, मामा हो म्हन्तात, ते रबरबी घेऊन आले तुमी. पन तो काय म्हनला? माह्यासाठी त्यानं काही सांगून धाडलं का?"

"मग तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगनार? तू काही म्हनलाच नव्हता बे."

बाबा माझ्याकडे बघत होते. काका उठले, चपला घातल्या. पुढच्या बाजाराला ते पुन्हा देऊळगाव राजाला जाणार होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की काका, तिला सांगा, मला ती फार आवडली. अगदी जिभेवर आलं होतं. काका दारात जरा थांबलेसुद्धा, उगाच टोपी सारखी करत. मी मान खाली घालून बसलो, आणि ते गेले.