धनुबाईच्या नावाची थुंकी

कोरीटमध्ये मुलाला दृष्ट लागली की लोक त्याला धनुबाईकडे आणतात. ती मूल मांडीवर घेते, कपाळावरून हात फिरवते आणि शेवटी त्याच्या पायांशी हलकेच थुंकते. तिच्या थुंकीत गुण आहे, असे सारे गाव मानते. धनुबाई तर ते सर्वांत जास्त मानते.

मी तिची शेजारीण, कॉन्वेंटमध्ये शिकलेली. नवऱ्यामागे तिने मिरचीची शेती एकटीने सांभाळली आणि मुलगा हेमराज याला शिकवले. दात मात्र तिने आयुष्यभर तंबाखूच्या तपकिरीनेच घासले. सून दीपमाला नवी नवरी असताना तिची दाढ दुखली, तेव्हा पहिली चिमूट तिला धनुबाईनेच दिली. त्यात वावगे काही आहे, असे आम्हा कोणालाच वाटले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात तोंडाच्या कर्करोगाची तपासणी करणारे एक पथक शाळेत आले. नळीत लाळ द्यायची. तिच्यात रोगाच्या खुणा असल्या तर थोड्याच वेळात कागदी पट्टीवर दुसरी रेघ उमटते. तपकीर घासणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बायांनाच बोलावले होते. पथकातली, खापर गावची रिना नावाची मुलगी नळ्यांवर नावे चिकटवत होती. पण गावातली वडीलधारी पुरुषमंडळी समोर ओट्यावर बसलेली. त्यांच्यादेखत डोक्यावर पदर घेतलेली बाई थुंकणार कशी? अखेर रिनाने नळ्या बायांच्या हाती दिल्या आणि शाळेमागे जाऊन भरून आणायला सांगितले.

धनुबाईच्या नावाच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली. चांगली ठळक.

"हे निदान नाही, आजी," रिना हळू आवाजात म्हणाली. "इशारा आहे. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन तोंड दाखवा, तिथे तुकडा काढून तपासतील. उशीर करू नका."

हेमराज गाडीची चौकशी करायला ओट्याकडे वळला. बायांनी डोळ्यांना पदर लावले. धनुबाईने मात्र चहा मागून घेतला, आणि घराकडे येताना ती चक्क हसत होती. मला ते हसू बघवेना. तिच्या स्वयंपाकघरात पाटावर टेकताच मी विचारले, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कसानी भीती? ती थुंकी मन्ही नहीच!" ती माझ्या कानाशी लागली. "मन्ही थुंकी नळीमा कोंडीसन लई जातीन, मंग पोरेसले गुण कसा येई? तुमी कॉन्वेंटवाल्या, तुमले नही समजाव."

"मग कोणाची दिलीत?"

"दीपमालानी. मांगे उभी व्हती, तिले म्हनं, थुंक माय, तुनं काय जास? जवान पोर शे ती. ती पट्टीच खोटी..."

बोलता बोलता तिचे तिलाच ऐकू आले. चुलीपाशी दीपमाला आमच्याकडे पाठ करून बसली होती. भाकरी थापणारे तिचे हात थांबले होते.

"दीपे, तोंड उघड."

"काही नही शे, आई."

"उघड, सांगस ना!"

दीपमालाने तोंड उघडले. जेमतेम दोन बोटे जातील एवढेच. मी तिला खिडकीच्या उजेडात वळवले. गालाच्या आत पांढरा, निबर चट्टा होता, त्याच्या कडा लाल.

"तिखट लागस," ती म्हणाली. "म्हनीसन दूधमा भाकर चुरीसन खास. यासले सांगेल नही." म्हणजे हेमराजला.

धनुबाईने मूठभर मिरच्या आणि मीठ घेतले, सुनेवरून उतरवले आणि चुलीत टाकले. दृष्ट असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, असे इथे मानतात. धूर उठला आणि आम्ही तिघी खोकू लागलो. सर्वांत जास्त दीपमाला. तिला धड खोकताही येईना. ती गाल दाबून वाकली. धनुबाई धुराकडे बघत राहिली.

"दृष्ट नही शे," ती म्हणाली.

हेमराज ओट्यावर लोकांत बसला होता. धुळ्याला जायला आईच्या नावाने गाडी ठरवत होता. धनुबाई तिथे गेली आणि सगळ्यांसमोर बोलली, "थुंकी तुन्ही बायकोनी शे. मी खोटं करं." ओट्यावरच्या वडीलधाऱ्यांतल्या हिंमतराव काकांनी चपला घातल्या आणि ते उठून गेले.

सकाळी गाडी आली. दीपमाला मागे बसली, तोंडावर पदर धरून. धनुबाईने तिच्या मांडीवर दुधाची किटली ठेवली आणि शेजारी चढून बसली.

"आई," दीपमाला पदराआडून म्हणाली, "तुमनी थुंकी आजून कोनीच तपासेल नही."

धनुबाईने ओठ घट्ट मिटले. पुढे बसलेल्या हेमराजने आरशातून आईकडे पाहिले. मग ड्रायव्हरने गाडी सुरू केली.