मास्तरांचा चौतीसचा आकडा

मास्तर खुर्चीत बसले तरी त्यांचा उजवा पाय बसत नसे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सत्तावीस वर्षे ते शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसत आले होते. त्या सीटपुढे पायाशी दुसरा ब्रेक असतो. तो दाबायची वेळ कधी येणार हे शिकणाऱ्याला ठाऊक नसते, पण मास्तरांना मात्र अर्धा सेकंद आधी कळावे लागते. त्यामुळे पाय कायम तयारीत. दाढी करताना तयारीत, जेवताना तयारीत. बहिणीच्या घरी कोणी स्वयंपाकघरातून भरकन बाहेर आले की टेबलाखाली मास्तरांचा पाय जमीन दाबून मोकळा.

"दादा, भोक पडेल माझ्या फरशीला," बहीण म्हणायची.

ही धाकटी बहीण नर्स होती आणि खालच्याच मजल्यावर राहायची. मास्तरांची बायको जाऊन आठ वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. एका सकाळी बहिणीने त्यांचा फोन हातातून काढून घेतला आणि जोडीदार शोधून देणारे एक अॅप त्यात घातले.

"मला नको असलं काही. बावन्न वर्षांचा आहे मी."

"म्हणूनच. साठीला आल्यावर काय लिहू जाहिरातीत? जुनी गाडी, एकहाती वापरलेली?"

अॅप एकामागून एक परवानग्या विचारत होते. नऊची शिकवणी गाठायची होती, म्हणून मास्तर दिसेल त्याला 'होय' करत सुटले. शिकणाऱ्याला आरशात तीन-तीनदा बघायला लावणारा हा माणूस स्वतः मात्र एक ओळही न वाचता पुढे गेला. पुढचे सगळे रामायण त्यातल्या एका 'होय'ने घडले.

झाले असे, की स्कूलच्या विमा कंपनीने वर्षापूर्वी प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये एक मोजणी बसवली होती. वेग किती, वळण कसे, ब्रेक किती जोरात, हे टिपून ती शंभरपैकी आकडा द्यायची. मास्तरांचा आकडा चौतीस. रोज साठ-सत्तर वेळा गचकन ब्रेक दाबणाऱ्या माणसाचा आणखी किती येणार? मालक म्हणाले होते, "सोडून द्या, यंत्राला काय कळतंय." पण त्या सकाळच्या 'होय'ने तो आकडा उचलून नव्या अॅपने मास्तरांच्या फोटोखाली लाल अक्षरांत लावला. वाहनशिस्त चौतीस. वारंवार अचानक ब्रेक. हल्ली लोक चेहऱ्याआधी तो आकडा बघतात, हे मास्तरांच्या गावीही नव्हते.

दोन आठवडे कोणी फिरकले नाही. मग एका बाईंचा निरोप आला. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे काम त्या करत. मास्तरांचा फोटो मोठा करून त्यांनी पहिली ओळ लिहिली होती, "तुमचा चष्मा डावीकडे उतरलाय. दांडी वाकवून घ्या." मास्तरांनी त्याच दिवशी दांडी वाकवून घेतली. मग रोज थोडे थोडे बोलणे होऊ लागले. कोणत्या गिऱ्हाइकाने चष्म्यावर बसून तो मोडला, कोणत्या शिकणाऱ्याने वायपर लावून 'इंडिकेटर दिला' म्हटले. तीन आठवड्यांत मास्तर दोन शिकवण्यांच्या मधल्या दहा मिनिटांत आठ वेळा फोन बघू लागले. शेवटी त्यांनी धीर करून विचारले, "गाडी घेऊन येऊ का न्यायला? कुठेतरी कॉफी घेऊ."

उत्तर यायला दोन तास लागले. त्या दोन तासांत मास्तरांनी एका शिकाऊ माणसाला तोच चौक पाच वेळा फिरवून आणला.

बाईंनी लिहिले होते, "आठ वर्षांपूर्वी माझा भाऊ गाडी चालवत होता आणि अपघात झाला, तेव्हा मी शेजारी होते. तो गेला. माझं मनगट अजून पूर्ण वळत नाही. तेव्हापासून मी बिनचालकाच्या टॅक्सीनंच जाते, तिला घाई नसते. तुमचा आकडा चौतीस आहे. का?"

मास्तरांनी सगळे खरे लिहिले. शिकाऊ माणसे, दुसरा ब्रेक, सत्तावीस वर्षे.

"कारण प्रत्येकाकडे असतं," बाईंचे उत्तर आले. "माझ्या भावाकडे तर दर वेळी नवं असायचं. राग मानू नका. आकडा सत्तरच्या वर गेला की भेटू."

मास्तर पेचात पडले. आकडा वाढवायचा तर ब्रेक दाबायचा नाही, आणि ब्रेक दाबला नाही तर शिकाऊ माणूस गाडी नेऊन फळांच्या दुकानात घालणार. फोन घरी ठेवला तर आकडा आहे तिथेच राहणार. तो वर जायला कित्येक किलोमीटर हळुवार गाडी चालवणे दिसावे लागते.

तोडगा काढला बसवाल्याने. हा एकेकाळी मास्तरांचाच विद्यार्थी, आता शहर बसवर चालक.

"द्या इकडे फोन. आठवडाभर माझ्या केबिनमध्ये राहू दे. माझ्या बसमधल्या म्हाताऱ्या उभ्या उभ्या विणकाम करतात, मास्तर."

"पण ही लबाडी झाली रे."

"तुमचं चौतीस तरी कुठं खरं आहे?"

हे मास्तरांना पटले. पटले म्हणण्यापेक्षा, पटवून घेतले. त्यांनी बाईंना लिहिले, "कामात आहे, शनिवारी बोलतो," आणि मंगळवारी सकाळी फोन बसवाल्याच्या हवाली केला. स्कूलमध्ये सांगितले, दुरुस्तीला टाकलाय.

ते पाच दिवस मास्तरांना कुठे चैन पडेना. रिकाम्या खिशावर हात जाई. एका शिकणाऱ्याने विचारलेही, "मास्तर, हल्ली गाड्या आपोआप थांबतात म्हणे. मग मी हे कशाला शिकतोय?" एरवी यावर मास्तरांचे दहा मिनिटांचे भाषण ठरलेले असे. त्या दिवशी ते फक्त म्हणाले, "पुढे बघा."

शनिवारी दुपारी चार वाजता डेपोत त्यांनी फोन हातात घेतला. आकडा एक्क्याऐंशी! मास्तर चक्क लहान मुलासारखे हसले. मग त्यांनी निरोप उघडले आणि हसू जागच्या जागी विरले.

मंगळवार : "अॅप सांगतंय, तुम्ही आज आमच्या दुकानावरून सहा वेळा गेलात. आत का नाही आलात?"

बुधवार : "आज अकरा वेळा. काय चाललंय?"

गुरुवार : "उत्तर द्या. पुन्हा अकरा. मला हे आवडलेलं नाही."

शुक्रवार : "मी अर्धं शटर ओढून काम करते आहे. उद्या सहापर्यंत उत्तर आलं नाही तर तुमची तक्रार नोंदवणार."

त्या अॅपला आणखी एक खोड होती. ओळखीचे माणूस जवळून गेले की ते दोघांपैकी दुसऱ्याला कळवायचे. आणि बसवाल्याची बस चष्म्याच्या दुकानासमोरच्या थांब्यावर थांबत होती, जाताना आणि येताना.

"अरे, हा वाजला नाही का?" मास्तर ओरडले.

"वाजत होता की. सारखा वाजत होता."

"मग बघितलास का नाहीस?"

बसवाला दुखावल्यासारखा झाला. "गाडी चालवताना फोन बघायचा नाही, हे मला कुणी शिकवलं?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. त्यांनी लिहिले, फोन केला, पण बाईंचा फोन बंद होता, निरोप पोचतच नव्हते. बहिणीला विचारले तर ती म्हणाली, "एकटा अजिबात जाऊ नकोस, दादा. ती बाई घाबरलीय. तू तिच्या जागी असतास तर? त्या बसवाल्याला घेऊन जा, आणि रस्त्यावरच उभा राहा."

सव्वापाचची फेरी निघाली. मास्तर चालकाच्या मागच्या पहिल्या सीटवर बसले होते. बस प्रत्येक थांब्यावर सावकाश थांबत होती, दार सावकाश उघडत होते, माणसे त्याहून सावकाश चढत होती.

"जरा दाब ना."

"चाळीस. इथं चाळीसचीच हद्द आहे."

"सहाला तक्रार जाईल रे माझी!"

"मास्तर, पाय आवरा. तुमच्या पायाखाली ब्रेक नाही, आणि दाबलात तरी बस हळूच होणार."

मागच्या बाकांवर एव्हाना कुजबुज सुरू झाली होती. हातात लोकरीची पिशवी असलेल्या एका आजींनी पुढे वाकून विचारले, "हाच का तो फोनवाला?"

पावणेसहाला बस दुकानासमोर थांबली. शटर खरोखरच अर्धे ओढलेले होते. खालून पांढऱ्या कोटाचा काठ आणि सपाट बूट तेवढे दिसत होते. मास्तर पायरीपासून चार हात लांब, पदपथावरच उभे राहिले.

"मी आत येत नाही," ते म्हणाले.  "इथूनच सांगतो. तो मी नव्हतो. माझा फोन होता. या बसमध्ये."

बूट जरा मागे सरकले. "फोन बसमध्ये कशाला?"

"आकडा वाढवायला."

 बसवाल्याने खिडकीतून डोके बाहेर काढले. "खरंय बाई! माझ्याच केबिनमध्ये होता, पाच दिवस!"

"अहो, कान किटले आमचे!" मागच्या खिडकीतून आजी म्हणाल्या. "सारखा टिंग टिंग. मी म्हटलं याला, उचल तरी मेल्या."

शटर हातभर वर गेले. बाई वाकून बाहेर आल्या. फोटोतल्यापेक्षा उंच होत्या, डोळ्यांखाली काळे झाले होते. त्यांनी बसकडे बघितले, आजींकडे बघितले, मग मास्तरांकडे.

"तीन दिवस मी मागच्या दारानं घरी गेले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गंमत वाटत असेल."

"नाही वाटत."

"म्हणजे चौतीस खरा आणि एक्क्याऐंशी खोटा."

"हो. एक्क्याऐंशी याचा. चौतीस माझा. त्यातला प्रत्येक ब्रेक मीच दाबलाय, फक्त गाडी दर वेळी दुसराच कुणीतरी चालवत असतो."

"आणि वेळेवर दाबला नाही असं किती वेळा झालं?"

हा प्रश्न सत्तावीस वर्षांत कोणी विचारला नव्हता.  नाही म्हणायला तोंड उघडले आणि मास्तर थांबले.

"एकदा. बारा वर्षांपूर्वी. एका सायकलवाल्याला चाकाचा धक्का लागला. गुडघा फुटला त्याचा. मी त्या वेळी घड्याळ बघत होतो."

बाईंनी डावे मनगट उजव्या हातात धरले. 

"बस सोडायला हवी मला," बसवाला हळूच म्हणाला.

"सोडा," बाई म्हणाल्या. मग मास्तरांना म्हणाल्या, "तक्रार मी नोंदवत नाही. पण तुमच्यावर विश्वास बसलाय असंही समजू नका. सोमवारी तुमची पहिली शिकवणी किती वाजता?"

"नऊ."

"मी मागे बसेन. माझ्याशी बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. नेहमी करता तेच करा."

सोमवारी नऊच्या शिकवणीला एक निवृत्त शिंपी होते. मशीनची पायपट्टी जन्मभर दाबल्यामुळे ते अॅक्सिलरेटरही तसाच, लयीत दाबत. गाडी उसळत उसळत निघाली. मागच्या सीटवर बाई दरवाजाची मूठ धरून बसल्या होत्या. पहिला ब्रेक लागला तेव्हा त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. मास्तरांची मान मागे वळू पाहत होती. त्यांनी ती वळू दिली नाही. दुसरा ब्रेक. तिसरा. मागून पुटपुटल्यासारखा आवाज येऊ लागला. चार. पाच. बाई मोजत होत्या.

 एकेक ब्रेक म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा, असे मास्तरांना वाटू लागले. एका वळणावर तर त्यांनी क्षणभर पाय रोखून धरला, शिंप्यांना जमेल कदाचित, जमू दे. पुढच्याच क्षणी दोन गाड्यांच्या मधून एक कुत्रे बाहेर आले आणि पायाने आपले काम केले. शिंपी म्हणाले, "आई गं!" मागून आवाज आला, "बारा."

तास संपला. गाडी स्कूलच्या दारात लागली. शिंपी उतरून पाणी प्यायला गेले. बाई उतरल्या, कोट सारखा केला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"एकोणीस," त्या म्हणाल्या. "त्यातले चार कशासाठी होते ते मला कळलं नाही."

आता बोलायला परवानगी आहे की नाही, हे मास्तरांना समजेना. "शेवटच्या चौकातले का? डावीकडून टेम्पो येत होता, शिवाय..."

"टेम्पो दिसला नाही मला."

"एवढा मोठा टेम्पो? समोरच तर होता."

"शेवटी शेवटी मी रस्त्याकडे बघतच नव्हते." बाईंनी पर्स खांद्यावर घेतली. "आठ वर्षांत पहिल्यांदा, गाडीत बसून. दुकान अकराला उघडायचंय मला. चालत जाईन. संध्याकाळी सातला सुटते मी, आणि आज पुढच्या दारानं."

त्या रस्ता ओलांडून गेल्या. मास्तर कोपऱ्यापर्यंत बघत राहिले. मग दहाच्या शिकवणीला आलेल्या शिकाऊ बाई चालकाच्या सीटवर बसल्या, त्यांनी आरसे तपासले, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का पाहिले आणि शेजारी वळून बघितले.

"मास्तर," त्या बिचकत म्हणाल्या, "तुमचा पट्टा लावायचा राहिलाय."