आईच्या फोनचा आवाज

आमच्या बाबांनी नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कधी काढलं नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत, फ्रिजच्या दारावरचा पापुद्रा तसाच, आणि सोफ्याचं कव्हर तर पाहुणा आला तरी निघायचं नाही. "वापरून खराब करायला आणलाय का?" असं वर आम्हालाच विचारायचे. त्यामुळे धाकट्या भावाने कॅनडातून ऑनलाइन मागवून त्यांच्यासाठी नवा स्मार्टफोन पाठवला, तेव्हा त्याचीही तीच गत झाली. पडद्यावरचा कंपनीचा पातळ प्लास्टिकचा कागद त्यांनी जपून तसाच ठेवला आणि वरून शालिमारच्या फुटपाथवरून आणलेलं, पाकिटासारखं मिटणारं कव्हर चढवलं. कव्हर भलत्याच फोनचं होतं. बसलं म्हणजे झालं, असं त्यांचं मत.

फोनचा आवाज पहिल्या दिवसापासून बारीक. रिंग शेजारच्या खोलीत ऐकू यायची नाही आणि बोलणारा विहिरीच्या तळातून बोलतोय असं वाटायचं. भाऊ मला फोन करून कुरकुरायचा, "ताई, हे दोघं फोनच उचलत नाहीत." मग मी सातपूरला त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत जायची, सेटिंगमध्ये शिरायची, रिंगची रेघ शेवटपर्यंत ओढायची. थोडं वाढल्यासारखं वाटायचं आणि घरी परतेपर्यंत पुन्हा तक्रार. बाबा म्हणायचे, "नवा फोन आहे, मुरायला वेळ लागतो." लोणचं आहे का ते! मी चिडायची, आई हसायची. रविवारी सकाळी भावाच्या फोनची वेळ झाली की दोघं फोन टीपॉयवर ठेवून त्याच्याकडे टक लावून बसायचे. पडद्यावर उजेड पडला की उचलायचा, अशी त्यांची रीत ठरून गेली होती.

बाबा झोपेतच गेले. भावाला येता आलं नाही. त्याची नोकरी नवी, कागदपत्रं अडकलेली, बाहेर पडला तर पुन्हा आत घेतील की नाही याचा भरवसा नाही. त्याचं खोटं नव्हतं, पण मला ते कुठलं पटायला? बाप जातो आणि पोरगा कागद दाखवतो, असं मी त्याला तोंडावर म्हणाले आणि फोन आपटला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी अबोला धरला. अग्नी चुलतभावाने दिला.

दहाव्याला सगळे पंचवटीत घाटावर जमले. गुरुजींनी पिंड मांडला, नमस्कार झाले, आणि कावळा काही शिवेना. समोरच्या भिंतीवर दहा-पंधरा बसलेले, शेजारच्या पिंडांना चोच लावून परत जात होते. आमच्याकडे एक फिरकेल तर शपथ. अशा वेळी काय करतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, तेव्हा मागे राहिलेल्यांनी एकेकाने पुढे होऊन मोठ्याने शब्द द्यायचा. चुलते पुढे झाले. "दादा, वहिनीची काळजी करू नको, आम्ही आहोत." कावळा ढिम्म. मग मी पुढे झाले. हात जोडले आणि म्हणाले, "बाबा, आई माझ्याकडे राहील. मी सांभाळीन तिला, शेवटपर्यंत." मनापासून म्हणाले. ऊन डोक्यावर आलं होतं आणि माझे पाय फरशीवर भाजत होते.

कावळा नाही आला. चुलते मागून म्हणाले, "बाई, तू म्हणतेस ते ठीक आहे, पण लेकीच्या घरी माणूस किती दिवस राहणार? त्याला मुलाचा शब्द पाहिजे. लावा त्या पोराला फोन." बायका माना डोलवायला लागल्या. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! दवाखान्याच्या खेपा मी घातल्या, गॅसचा नंबर मी लावला, आणि शब्द मात्र त्याचा हवा. पण घाटावर भांडायचं कुणाशी?

भावाने साधारण त्याच वेळेला फोन करतो म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं. आई बाबांचा फोन पदराखाली धरून बसली होती. उजेड पडला तसा तिने तो पुढे केला. चुलत्यांनी स्पीकर सुरू केला. घाटावर घंटा वाजतायत, दहा ठिकाणी मंत्र चाललेत, चहावाला ओरडतोय, आणि त्या फोनमधून नुसती कुजबुज. "अरे, मोठ्याने बोल!" चुलते खेकसले. सगळे वाकून वाकून ऐकायला लागले. कुणालाही एक अक्षर कळलं नाही. शेवटी आईने स्पीकर बंद करायला लावला, फोन स्वतःच्या कानाला लावला, दुसऱ्या कानात पदराचा बोळा धरला आणि ऐकत राहिली. बराच वेळ ऐकलं तिने. "हं," म्हणाली. पुन्हा "हं." मग फोन खाली ठेवला आणि पिंडाकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो, तो नेतोय मला तिकडं. व्हिसाचं करतोय म्हणतो. तुम्ही आता निवांत जा."

आणि कावळा उतरला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चुलत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण माझं निराळं होतं. बाबांनासुद्धा मुलगाच लागला, हे मला फार लागलं. आजवर कुणाला बोलले नाही, पण लागलं.

सातपूरच्या खोल्या सोडल्या आणि आई माझ्याकडे आली. व्हिसा येईपर्यंत, असं ठरलं. माझ्या सासूबाईंनी तिचं अगदी नीट केलं. "या विहीणबाई, चार दिवस लेकीकडे राहा, मग काय, विमानातच बसायचंय तुम्हाला!" बिल्डिंगमधल्या बायका यायच्या, तिकडे थंडी किती असते ते आईला सांगायच्या, लोकरीचे मोजे घेऊन जा म्हणायच्या. आई सगळ्यांशी हसून बोलायची. तिची बॅग पलंगाखाली भरलेलीच असायची. कपाटात एक कप्पा रिकामा करून दिला होता, त्यात तिने एक पातळसुद्धा ठेवलं नाही. मला वाटायचं, बाई उत्साहात आहे.

रविवारी भावाचा फोन आला की ती तो घेऊन गॅलरीच्या कोपऱ्यात जायची आणि हाताचा आडोसा करून बोलायची. मी म्हणायची, "अगं, आवाज नाही त्या डबड्याला. माझ्या फोनवरून बोल." ती म्हणायची, "राहू दे. मला पुरतं तेवढं." कव्हर बदलू म्हटलं तरी नको. दुकानात दाखवू म्हटलं तरी नको. "त्यांनी घातलेलं हाय, असू दे." एकदा तर मी ओरडलेच तिच्यावर, की तुला कधी नवं काही सोसायचंच नाही का. ती उठून गॅलरीतले कपडे काढायला गेली. आई अशी उठून गेली की मला अजूनच राग यायचा.

महिने गेले. सासूबाई अधूनमधून विचारायच्या, "मग, काय म्हणतोय व्हिसा?" प्रश्न साधाच होता, पण दर वेळी थोडा लवकर यायला लागला होता. आई सांगायची, "चाललंय त्याचं. तिकडं लय कागदं लागतात." मी मनातल्या मनात भावाला शिव्या घालायची. शब्द देऊन बसलाय घाटावर, आणि आता चालढकल!

मग एके दिवशी रिचार्ज करून आणते म्हणून मी फोन उचलला आणि नाक्यावरच्या मोबाइलवाल्याकडे नेला. त्याने कव्हर काढलं, फोन उलटापालटा केला आणि हसायलाच लागला. "मॅडम, कंपनीचा कागदच काढला नाही हो तुम्ही. वरची कानाची जागा झाकलीये. आणि हे कव्हर दुसऱ्याच मॉडेलचं, खालच्या स्पीकरच्या जाळीवर बसलंय." कागद ओढून काढला, जाळीतला मळ ब्रशने झाडला, आणि रिंग वाजवून दाखवली. दुकानातली माणसं वळून बघायला लागली, इतका मोठा आवाज. मी हसले, आणि मग बाबांच्या आठवणीने तिथेच काउंटरपाशी रडले. मोबाइलवाला बिचारा घाबरला. नवं, आरपार दिसणारं कव्हर घातलं आणि मी कधी नव्हे ती खूश होऊन घरी आले.

आईला वाटलं होतं फक्त रिचार्ज झालाय. नवं कव्हर पाहून तिचा चेहरा पडला. मला वाटलं, बाबांच्या कव्हरासाठी.

रविवारी सकाळी सगळे पोहे खात होते. सासूबाई होत्या, नवरा होता. फोन वाजला तसा अख्खा फ्लॅट दणाणला. आई खुर्चीतून उठायला लागली, पण मी आधी उचलला, स्पीकर सुरू केला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. "आज सगळ्यांना ऐकू दे," म्हणाले. आई हात पुढे करून "दे इकडं, दे गं," म्हणत होती. मी लाडाने तिचं मनगट धरून ठेवलं. हो, मीच धरलं.

"आई," भावाचा आवाज आला, शेजारी बसल्यासारखा स्वच्छ. "आई, काल काकांचा फोन आला होता मला. व्हिसा कधी येतोय म्हणून विचारत होते. तू सगळ्यांना हे काय सांगत फिरतेस? मी तुला तेव्हाच, घाटावरच सांगितलं होतं ना, मला नाही जमणार म्हणून? आमचंच इथे काही पक्कं नाहीये. एका खोलीत राहतो आम्ही. तू रडशील म्हणून दर वेळी नीट समजावून सांगतो, आणि तू पुन्हा..."

आईने माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं आणि फोनच्या कडेची बटणं दाबायला लागली. कुठल्याने आवाज कमी होतो ते तिला माहीत नव्हतं. तिला कधी कमी करावा लागलाच नव्हता. तिकडून भाऊ बोलतच होता. शेवटी माझ्या नवऱ्याने फोन बंद केला. सासूबाई उठून पोह्यांची ताटली घेऊन आत गेल्या.

स्वयंपाकघरात मी आईला गाठलं. मला राग कुणाचा आलाय तेच मला कळत नव्हतं. "खोटं का बोललीस? आणि तेही त्यांच्या पिंडासमोर?"

"मग काय सांगायचं व्हतं त्यांना?" ती म्हणाली. "पोरगा नाय म्हणतोय, तुम्ही बसा उन्हात, असं?"

"मी म्हटलं होतं ना सांभाळीन! माझा शब्द नव्हता का?"

"होता गं बाई. तुझ्या शब्दावरच तर आले तुझ्याकडं." ती ओट्याला टेकून उभी होती, माझ्याकडे न बघता. "पण कशी राहिले? तिकडं जाणारी बाई म्हणून राहिले. जाणाऱ्या माणसाला सगळे चहा देतात. झाकली मूठ व्हती, चाललं व्हतं. आता कोण म्हणून राहू?"

"माझी आई म्हणून!"

"ते तुझ्यापुरतं," आई म्हणाली.

कुणी तिला काही बोललं नाही, हे मी इमानाने सांगते. नवरा म्हणाला, "राहू दे ना त्यांना, कोण नको म्हणतंय?" पण टीव्हीकडे बघत म्हणाला. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी चहा देताना एवढंच विचारलं, "मग, आता कसं?" "आता इथेच," असं मी ताडकन म्हणायला हवं होतं, आणि म्हणालेही, पण मध्ये क्षणभर थांबले. आईने ते थांबणं ऐकलं. तिचे कान शाबूत होते, पहिल्यापासून.

तिने बॅग पलंगाखालून ओढली. भरायची काही नव्हतीच. नांदगावला चुलतभावाच्या घराला लागून बाबांच्या वाटणीची एक खोली आहे, तिथे जाते म्हणाली. मी रडले, भांडले, बॅग हिसकावून घेतली. ती म्हणाली, "चार दिवस जाऊन येते," आणि आम्हा दोघींनाही ठाऊक होतं की चार दिवस नाहीत. एसटीत बसवून दिलं. खिडकीतून तिने हात केला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी रोज फोन लावते. सकाळी ऑफिसला निघण्याआधी, आणि संध्याकाळी आल्यावर. पूर्ण वाजून वाजून बंद होतो. सुरुवातीला मी स्वतःची समजूत घातली. फोन आत असेल, ती बाहेर असेल, पुन्हा काही बिघडलं असेल. शेवटी न राहवून चुलतभावाच्या बायकोला फोन केला आणि म्हटलं, बघ गं जरा, त्याची रिंग वाजते का, आवाज येतो का.

ती आवाज खाली करून म्हणाली, "वन्सं, वाजतो तर. पार रस्त्यापर्यंत ऐकू येतो. आत्ता तुम्ही लावला व्हता तेव्हा पण काकू वट्यावरच बसल्या व्हत्या. मांडीवरच हाय त्यांच्या."